पद्मिनी, अर्धी टाकी आणि पंपावरचं ओलं फडकं

प्रीमियर पद्मिनी, १९८६ ची. इंजिन १०८९ सीसी, सोलेक्स कार्बोरेटर, पेट्रोल खेचायला इंजिनच्या कॅमवर चालणारा एसी पंप (गॅरेजात त्याला असंच म्हणतात, एअर कंडिशनरशी संबंध नाही). मालक पहिल्यापासून एकच. तक्रार : चालता चालता बंद पडते, थोड्या वेळाने आपोआप चालू होते.

जॉबकार्डावर मी एवढंच लिहिलं. त्यातलं 'आपोआप' काकांचं, म्हणजे गाडीच्या मालकांचं. गाडी आपोआप बंद पडत नाही आणि आपोआप चालूही होत नाही, पण गिऱ्हाईक बोलेल ते जसंच्या तसं उतरवून घ्यायचं ही माझ्या वडिलांची शिस्त. ही गाडी आधी तेच बघायचे. मधली तीन वर्षं मात्र ती माझ्याकडे नव्हती. करी रोडच्या ज्या गल्लीत माझं गॅरेज आहे तिथे गाडी उभी करायची म्हणजे दोन स्कूटर आणि एक हातगाडी हलवावी लागते, त्यामुळे काका हिंदू कॉलनीच्या आसपासच गाडी दाखवत होते. त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

काका बँकेतून निवृत्त झालेले, वय पंचाहत्तरच्या पुढे. सोबत मुलगीही आली होती. तिचा निकाल आधीच लागलेला : "बाबा एक दिवस फ्लायओव्हरच्या मध्यावर अडकणार आहेत. विकून टाका म्हणावं." काकांनी ते न ऐकल्यासारखं करून मला सांगितलं, "अरे, वीस-पंचवीस मिनिटं झकास चालते बघ. मग चढ आला की हुचके देते, दम सोडते आणि मरते. मी पंपावर ओलं फडकं टाकतो, पंधरा मिनिटं थांबतो, पाच-सहा वेळा लांब सेल्फ मारला की पुन्हा चालू."

ओल्या फडक्याचा इलाज मुंबईत नवा नाही. काळ्या-पिवळ्या पद्मिनी रस्त्यावर होत्या तोवर दुपारच्या वेळी बॉनेट उघडून पंपाला पाणी पाजणारा टॅक्सीवाला दर चार सिग्नलला दिसायचा. त्यातली शेवटची टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला थांबली, इलाज मात्र लोकांच्या डोक्यात शिल्लक आहे. तो खोटाही नाही. पेट्रोल एका ठरावीक तापमानाला उकळत नाही. त्यातला हलका भाग चाळीस अंशांच्या आसपासच वाफ व्हायला लागतो. पंप तर इंजिनच्या अंगालाच बोल्ट केलेला. रहदारीत इंजिन तापलं की पंपात आणि त्याच्या पाइपात पेट्रोलची वाफ धरते, आणि एसी पंपाला वाफ खेचता येत नाही. त्यालाच व्हेपर लॉक म्हणायचं. फडक्याने पंप थंड झाला की वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं.

पण फडकं टाकून पंधरा मिनिटं थांबल्यावर गाडी चालू झाली तर गुण फडक्याचा की पंधरा मिनिटांचा? तापल्यावर दगा देणारी कॉइल आणि कंडेन्सर, म्हणजे ठिणगी बनवणारे भाग, यांचंही वागणं हुबेहूब असंच असतं. गरम झाले की करंट तोडतात, गार झाले की शहाण्यासारखे चालतात. पेट्रोलचा रोग आणि करंटचा रोग बाहेरून जुळ्या भावांसारखे दिसतात ते इथेच.

काकांनी बिलांची फाइल आणली होती. पहिल्या गॅरेजने कार्बोरेटर खोलून साफ केला, किट टाकली, प्लग-पॉइंट-कंडेन्सर बदलले. दुसऱ्याने नवा एसी पंप आणि नवी कॉइल बसवली. सगळे मिळून साडेनऊ हजार गेले. दर वेळी गाडी आठ-दहा दिवस छान चालली आणि पुन्हा मूळ पदावर आली. या 'आठ-दहा दिवस छान' मध्ये खरी गोम होती, पण ती मला तेव्हा दिसली नाही. वाटलं, पार्ट डुप्लिकेट असतील.

मी माझे नेहमीचे प्रश्न विचारले. बंद पडताना बटण दाबल्यासारखी पडते की दम लागल्यासारखी? दम लागल्यासारखी. हे उत्तर पेट्रोलकडे बोट दाखवतं. करंट गेला की इंजिन सहसा एका झटक्यात गप्प होतं, आणि पेट्रोल कमी पडलं की आधी ओढ जाते, मग हुचके येतात, मग मरतं. सहसा म्हणतो, कारण मरत चाललेला कंडेन्सरही हुचके देतो. सकाळचा पहिला स्टार्ट कसा? लांब सेल्फ मारावा लागतो. पूर्वी चोक ओढला की अर्ध्या सेल्फमध्ये व्हायची. टाकीत पेट्रोल किती असतं? "अर्धी टाकी. नेहमी." पेट्रोलचा वास? "येतो कधी कधी सकाळी, गाडी झाकलेली असते तेव्हा. जुनी गाडी आहे, येणारच."

शेवटची दोन्ही उत्तरं मी लिहून घेतली आणि पुढे गेलो. तिथेच थांबलो असतो तर निम्मं काम वाचलं असतं.

वाळकेश्वरचा चढ

बंद पडणारी गाडी गॅरेजात उभी करून तपासणं म्हणजे ताप उतरल्यावर डॉक्टरकडे जाणं. ती माझ्यासमोर बंद पडायला हवी होती. त्यासाठी पंप आणि कार्बोरेटर यांच्यामधला रबरी पाइप काढून वीतभर पारदर्शक पाइप बसवला, सायलेन्सरच्या बाजूपासून लांब बांधला आणि मागच्या सीटवर आग विझवायचा सिलिंडर ठेवला. हा पारदर्शक पाइप फक्त ट्रायलपुरता. साधा प्लास्टिकचा पाइप पेट्रोलमध्ये काही आठवड्यांत कडक होऊन तडकतो. असा पाइप कायमचा बसवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत आणि त्यांच्याजवळ उभं राहायची मला भीती वाटते.

ऑक्टोबरची दुपार, घाम पुसून रुमाल भिजलेला. काका चालवत होते, मी शेजारी. लालबागचा पूल, भायखळा, जेजेचा पूल, मरीन ड्राइव्ह. कुठे मिसिंग नाही, काही नाही. काका खुशीत येऊन म्हणाले, "तू शेजारी बसलास की शहाणी होते." चौपाटी ओलांडून वाळकेश्वरचा चढ लागला आणि तीन बत्तीच्या अलीकडे तिने पहिला हुचका दिला. दुसरा गिअर टाकायला लावला, तरी ओढ नाही. काकांनी कडेला घेईपर्यंत इंजिन मेलं होतं.

काकांनी डॅशबोर्डच्या कप्प्यातून पाण्याची बाटली आणि घडी घातलेलं फडकं काढलं. इतका सराव झाला होता की दार उघडेपर्यंत फडकं भिजलेलं. मी त्यांचा हात धरला. "काका, आत्ता नको. आत्ता पुरावा गरम आहे."

गाडी मेल्यानंतरचं पहिलं मिनिट सोन्याचं असतं, त्यात तीनच गोष्टी बघायच्या. एका प्लगची वायर काढून खिशातला जुना प्लग तिला लावला, त्याचं अंग इंजिनच्या लोखंडाला टेकवलं आणि काकांना सेल्फ मारायला सांगितला. कट-कट करत निळी, जाड ठिणगी. म्हणजे कॉइल, कंडेन्सर, डेल्को (प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर) सगळे निर्दोष. (हे आधी आटपायचं, कार्बोरेटर उघडण्यापूर्वी. उघडं पेट्रोल आणि ठिणगी एकत्र नकोत.) मग मागे जाऊन टाकीचं झाकण हळू फिरवलं आणि कान लावला. टाकीला हवा घ्यायची वाट बंद असेल तर पेट्रोल खेचलं जाता जाता आत पोकळी होते, पंपाला ओढवत नाही, आणि झाकण उघडताना फुस्स असा आवाज येतो. आवाज आला नाही. तिसरं, एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या घशात बघत एक्सलेटरचा दांडा ओढला. कार्बोरेटरच्या वाटीत, म्हणजे त्याच्या छोट्या साठ्यात, पेट्रोल असेल तर बारीक धार पिचकारीसारखी सुटते. इथे पहिल्या ओढीला एक थेंब, नंतर कोरडं.

वाटी रिकामी होती. पारदर्शक पाइपात बोटभर पेट्रोल आणि बाकी बुडबुडे.

आता चढावरच का मरते याचा साधा हिशेब. कार्बोरेटरच्या वाटीत कटिंग चहाएवढं, साठ-सत्तर मिली पेट्रोल मावतं. गाडी उभी आणि इंजिन नुसतं स्लोवर फिरत असेल तर तासाला लिटरभरही लागत नाही, म्हणजे मिनिटाला बारा-पंधरा मिली. वाळकेश्वरच्या चढावर ही गाडी लिटरला सहा किलोमीटर देते असं धरलं आणि वेग तीसचा, तर तासाला पाच लिटर, मिनिटाला ऐंशीच्या वर. मागून भर पडली नाही तर वाटी मिनिटाच्या आत संपते. म्हणून सपाट रस्त्यावर आणि सिग्नलला गाडी साळसूद. गॅरेजात तासभर स्लोवर ठेवून 'काही दोष नाही' असं सांगणाऱ्या मिस्त्रीचंही त्याच्या जागी खरंच असतं.

हवा की वाफ?

बुडबुडे दिसले म्हणजे अर्धी लढाई. ती पेट्रोलची वाफ की बाहेरून शिरलेली हवा हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. पण वाफेला उष्णता लागते, हवेला लागत नाही. म्हणून गाडी रात्रभर गॅरेजात ठेवली आणि सकाळी इंजिन गार असताना परीक्षा घेतली.

कॉइलची वायर काढून ठेवली. कार्बोरेटरकडे जाणारा पाइप मापाच्या काचेच्या बरणीत सोडला आणि माझ्या हाताखालच्या बारक्याला घड्याळ लावून वीस सेकंद सेल्फ मारायला सांगितला. बरणीत जेमतेम चाळीस मिली आलं, तेही फेसाळ, सोडा ओतल्यासारखं. मग पंपाकडे येणारा पाइप पंपावरून सोडवला, त्या जागी दुसरा पाइप लावून तो पेट्रोलच्या बाटलीत बुडवला. पंप तोच, वेळ तेवढीच. या वेळी दीडशेच्या वर, आणि स्वच्छ धार.

म्हणजे पंप धडधाकट. आधीचाही बहुधा धडधाकट असावा. आणि इंजिन गार असूनही बुडबुडे येत होते, म्हणजे ही हवा होती. पंपाच्या मागे, टाकीपर्यंतच्या वाटेत कुठेतरी ती आत शिरत होती.

इथे बरेच जण फसतात, कारण गळती म्हटलं की आपण थेंब शोधतो. पंपापुढे पेट्रोल ढकललं जातं, तिथे भोक असेल तर ते बाहेर टपकतं. पंपामागे मात्र ते ओढलं जातं. तिथल्या भोकातून थेंब पडत नाही, उलट हवा आत जाते आणि जमीन कोरडी राहते. चीर गेलेल्या स्ट्रॉने शहाळं पिऊन बघा. कपड्यांवर एक थेंब सांडणार नाही आणि तोंडात पाणीही येणार नाही. सकाळच्या लांब सेल्फचंही कोडं इथे सुटलं : रात्रभरात त्याच वाटेने हवा शिरून पाइपातलं पेट्रोल टाकीकडे परत जायचं, आणि सकाळी पंपाला पुन्हा शून्यापासून खेचावं लागायचं.

तरी एक गोष्ट बसत नव्हती. चीर रोजची आणि रोग मात्र कधीकधीचा. दुरुस्तीनंतर दहा दिवस गाडी बरी कशी राहत होती?

उत्तर काकांच्या डायरीत होतं. बँकेतली सवय : तारीख, किलोमीटर, किती लिटर भरलं, आणि बंद पडली तर लाल शाईने कुठे आणि किती वेळ. चहा पिता पिता मी पानं उलटत होतो. जास्तीची फिरती नाही म्हणून काका एरवी पाचशे रुपयांचं पेट्रोल घेतात, म्हणजे पुरतं पाच लिटरही नाही. फक्त गाडी दुरुस्त होऊन आली की टाकी फुल्ल. "नवी झाल्यासारखी वाटते, मग भरतो," ते म्हणाले. लिटरला अकरा किलोमीटर धरून मी प्रत्येक लाल नोंदीच्या दिवशी टाकीत किती उरलं असेल याचा हिशेब मांडला. सात नोंदी होत्या. त्यांतल्या सहा वेळी टाकीत दहा लिटरच्या आत पेट्रोल होतं.

"पण काटा तर अर्ध्यावर असतो," काका म्हणाले.

आम्ही उठून काटा बघितला. अर्ध्यावर होता. बाटलीतलं दोन लिटर टाकीत ओतलं. अर्ध्यावर. डॅशबोर्डवर टिचकी मारली. अर्ध्यावर. तो अर्ध्यावरच चिकटलेला होता, किती दिवसांपासून कोण जाणे.

मग सगळं जागेवर बसलं. टाकी भरलेली असते तेव्हा पेट्रोलची पातळी गाडीखालच्या पाइपाच्या वर असते. पेट्रोल आपल्या वजनाने पुढे येतं, पंपाला फारसं ओढावं लागत नाही, म्हणून चिरेतून हवा शिरत नाही. उलट पेट्रोलच किंचित पाझरतं, आणि झाकलेल्या गाडीत सकाळी वास येतो. टाकी खाली गेली की पंपाला जास्त ताण देऊन ओढावं लागतं आणि तीच चीर हवा घ्यायला लागते. काकांनी वास नेमका कधी यायचा ते आठवून सांगितलं : "हो रे, फुल्ल केल्यावरच." कार्बोरेटर, कंडेन्सर, पंप, कॉइल यांपैकी कशानेच गाडी बरी झाली नव्हती. दहा दिवस ती भरलेल्या टाकीवर चालत होती.

सातव्या नोंदीत टाकी तीन-चतुर्थांश भरलेली होती आणि पुढे लिहिलं होतं, 'चेंबूर, २ मिनिटांत चालू'. एखादी नोंद चुकली असेल म्हणून मी पान उलटलं.

वीतभर रबर

चीर शोधायला वेळ लागला नाही. गाडीखालून येणारा धातूचा पाइप जिथे संपतो तिथून पंपापर्यंत वीतभर रबरी पाइप चढतो. वरून बघितला तर काळा, ठीकठाक. क्लिप सैल करून हातात घेतला, इंग्रजी यू सारखा वाकवला, आणि क्लिपखाली दबलेल्या भागात तळहातावरच्या रेषांसारख्या बारीक चिरा उघडल्या. सोडला की बंद. इंजिनची धग लागली की हे रबर मऊ पडून क्लिपखाली आणखी ढिलं व्हायचं, म्हणून गाडीला मरायला वीस-पंचवीस मिनिटं लागायची. वाफेचाही थोडा हात असणार. ओढ वाढली की पाइपातला दाब उतरतो आणि पेट्रोल लवकर उकळतं, त्यामुळे काकांच्या फडक्याला मी पूर्ण नापास करत नाही.

पाइप उभा चिरला. आतली बाजू चिकट, बोट फिरवलं की शाई लागल्यासारखं काळं.

हा पाइप काकांच्या फाइलप्रमाणे अडीच वर्षांपूर्वी टाकलेला. अडीच वर्षांत रबर असं होत नसे. पण आता पेट्रोल पूर्वीचं राहिलेलं नाही. जून २०२२ पर्यंत देशात सरासरी दहा टक्के इथेनॉल मिसळलं जाऊ लागलं, फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्क्यांचं पेट्रोल टप्प्याटप्प्याने यायला सुरुवात झाली, आणि वीस टक्क्यांचं जे लक्ष्य आधी २०३० चं होतं ते २०२५ वर आणलं गेलं. १९८६ च्या गाडीचे पाइप, डायफ्रॅम, वॉशर हे डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले नव्हते. जुन्या जातीचं रबर इथेनॉलमध्ये फुगतं, कोरडं पडलं की आकसतं, आणि या ये-जा मध्ये तडकतं.

टाकीत नक्की काय आहे हे बघायची एक गॅरेजी युक्ती आहे. मापाच्या उभ्या काचेच्या नळीत दहा मिली पाणी घातलं, वर शंभर मिली पेट्रोल, बूच लावून हलवलं आणि टेबलावर ठेवलं. पाणी इथेनॉलला आपल्याकडे ओढून घेतं. पाच मिनिटांत दोन थर स्पष्ट झाले आणि खालचा थर दहावरून अठ्ठावीसच्या रेघेवर चढला. म्हणजे शंभरात सुमारे अठरा इथेनॉल. ही काही प्रयोगशाळेची तपासणी नव्हे, पण बारक्या ते बघून म्हणाला, "शेठ, पाणी वाढलं!" आणि मला त्याला अर्धा तास समजवावं लागलं, तेवढा फायदा.

दोष पाइपातच आहे ही खात्री करायला आधी फक्त तोच बदलला. टाकी, धातूचा पाइप, पंप, क्लिपसुद्धा तीच ठेवली. पुन्हा बरणी, पुन्हा वीस सेकंद. दीडशे मिली, फेस नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलली की काम संथ होतं, पण नक्की काय सुधारलं ते कळतं. आधीच्या दोन्ही बिलांत एका वेळी एकाहून जास्त पार्ट बदललेले होते, त्यातून कुणालाच काही कळणं शक्य नव्हतं.

मग कायमचा पाइप अंगावर 'जे३० आर९' हा दर्जा छापलेला आणला, आत इथेनॉलला टिकणारं फ्लोरो रबरचं अस्तर असलेला, साध्या पाइपाच्या तिप्पट भावाचा. दुकानदार साधाच काढून म्हणतो, "हाच सगळे नेतात." छापलेलं वाचल्याशिवाय घ्यायचा नाही. टाकीजवळचा छोटा तुकडाही तोच टाकला. क्लिपा बदलून रबर न कापणाऱ्या, गोल कडेच्या बसवल्या. ट्रायल मुद्दाम कमी पेट्रोलवर घेतली, वाळकेश्वरला दोनदा चढवली, एकदा तर चढावर थांबवून पुन्हा उचलली. गाडी दिली.

सातवी नोंद

तिसऱ्या आठवड्यात काकांचा फोन. "सायनच्या पुलावर आहे. बंद पडली होती. आता चालू झाली. पण टाकी भरलेली आहे रे!"

मला पहिल्यांदा राग आला तो स्वतःचा. चेंबूरची नोंद डोळ्यांसमोर आली. किती वेळात चालू झाली? "दोन मिनिटं. फडकं भिजवायलाही वेळ मिळाला नाही."

दोन मिनिटांत रबर गार होत नाही, कॉइलही होत नाही. इतक्या लवकर सुटणारी गोष्ट म्हणजे कचरा. टाकीत पेट्रोल ओढणाऱ्या नळीच्या टोकाला जाळी असते. गाडी जोरात ओढते तेव्हा तळातला गाळ जाळीला येऊन चिकटतो आणि वाट बंद होते. इंजिन मेलं की ओढ थांबते, गाळ सुटून खाली बसतो, आणि गाडी जणू काही घडलंच नाही अशी चालू होते. आधीच्या चिरेमुळे पंप टाकीतून पुरतं ओढतच नव्हता. मी चीर बंद केली, ओढ वाढली, आणि झाकून राहिलेला दुसरा रोग पुढे आला.

गाळ आला कुठून, हे काकांनीच सांगितलं. २६ जुलै २००५ ला गाडी हिंदमाताजवळ सीटपर्यंत पाण्यात उभी होती. तेव्हा इंजिन खोललं, सीट उन्हात वाळवल्या, टाकीतलं पाणी मिसळलेलं पेट्रोल उपसून टाकलं. टाकी मात्र उतरवून धुतली नाही. ते काम माझ्या वडिलांचं होतं, त्यामुळे इथे मी दुसऱ्या कुणाच्या बिलावर बोट ठेवू शकत नाही. त्या गंजावर वर्षानुवर्षं पेट्रोलचा चिकट थर बसून तो तळाला धरून राहिला असणार. इथेनॉल अशा थराला विरघळवतं. वीस वर्षं झोपलेला गंज सुटा झाला.

टाकी उतरवली. सगळं पेट्रोल काढून उरलेलं बरणीत ओतलं तर तळाशी चमचाभर पाणी आणि विटेच्या भुकटीसारखा गाळ. जाळीचा निम्मा भाग तपकिरी पापडीने लिंपलेला. टाकी कशी साफ केली ते लांबवत नाही : पाण्याने वारंवार धुतली, आत बारीक साखळी टाकून बारक्याने आणि मी दोन्ही बाजूंनी धरून झोळीसारखी हलवली, गंज काढायचं फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण फिरवलं, पुन्हा धुतली, दोन दिवस वाळवली, नवी जाळी बसवली. टाकीला पिनएवढं एक छिद्र दिसलं, ते थंड सीलंटने भरलं. वेल्डिंग करून घ्या असं शेजारचा म्हणाला. पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी तिच्यातली वाफ गेलेली नसते, तिच्याजवळ ठिणगी नेणाऱ्या माणसाला मी गॅरेजच्या पायरीवर उभा करत नाही.

याशिवाय पंपाच्या आधी कागदी जाळीचा छोटा फिल्टर टाकला आणि काकांना महिन्याभराने तो बदलायला यायला सांगितलं, कारण धुतलेली टाकीही काही दिवस गंज सोडत राहते. पहिला फिल्टर उतरवला तेव्हा तो खरोखरच तपकिरी झाला होता, दुसरा बराच स्वच्छ निघाला.

कार्बोरेटरचा मेन जेट, म्हणजे पेट्रोल मापून सोडणारं भोक, मोठा करा, असं काकांना कुणीतरी सुचवलं होतं. इथेनॉलला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण थोडं पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, हे खरं आहे. प्लग काढून बघितले. पोर्सेलिन फिकट होतं, पण पांढरंफटक नव्हतं. मी स्लोचा स्क्रू पाव फेरा उघडला आणि जेटला हात लावला नाही. थंडीत चोकवर जरा जास्त वेळ ठेवावी लागेल एवढं सांगितलं.

टाकी उतरवली होती तेव्हाच काट्याचा उलगडा झाला. आतल्या फ्लोटचा दांडा गंजून अर्ध्यावर आवळला होता. तो सोडवला, संपर्काची पट्टी घासली. आता काटा रिकाम्यापासून भरलेल्यापर्यंत फिरतो. काकांचा त्याच्यावर विश्वास नाही. परवा फिल्टर बघायला आले तेव्हा डायरीत नवा रकाना आखलेला दिसला, 'काटा' आणि त्याच्या शेजारी 'हिशेबाने', आणि दोन्हींत दीड लिटरचा फरक पडतो म्हणून ते मला तिथल्या तिथे टाकी पुन्हा उतरवायला सांगत होते. मी पाडव्यानंतरची तारीख दिली आहे.